साखळदंड कायद्याने तुटत नाहीत

६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तमिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रमाला आग लागली आणि साखळ्यांनी जखडून ठेवलेले २८ मनोरुग्ण तीत प्राणाला मुकले. देश हळहळला. सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली, राज्यांकडून अहवाल मागविण्यात आले. पुढे २०१७ साली संसदेने मानसिक आरोग्य सेवा कायदा संमत केला व २९ मे २०१८ पासून तो अमलात आला. त्याच्या ९५व्या कलमाने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली. १८व्या कलमाने उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आणि दारिद्र्यरेषेखालील माणसाला, त्याच्याजवळ तसे कार्ड असो वा नसो, सरकारी संस्थांत विनामूल्य उपचारांची हमी दिली. कायदा निःसंशय चांगला आहे. परंतु ज्या घरात तरुण मुलगा दावणीला बांधला जातो, त्या घरापर्यंत तो पोचला काय?

हा प्रश्न निघाला की शहरातील सुशिक्षितांचे उत्तर तयार असते. गोरगरीब अंधश्रद्ध आहेत, ते डॉक्टर सोडून देवऋष्याकडे जातात, तेव्हा आधी त्यांचे प्रबोधन करा! अंधश्रद्धा आहे आणि तिच्याशी लढलेच पाहिजे. पण देवऋषी गावातच राहतो, हाक मारताच येतो आणि धान्यावर वा उधारीवरही काम करतो. मनोविकारतज्ज्ञ मात्र जिल्ह्याच्या गावी ठरलेल्या वारी भेटतो. त्याच्याकडे जायचे म्हणजे दोन माणसांचा रोज बुडतो, एस.टी.चे भाडे पडते, आणि इतके करून खिडकीवर ‘औषध संपले, बाहेरून घ्या’ हे शब्द कानी येतात. अशा स्थितीत भगताच्या दारी गेलेल्या आईला अडाणी म्हणणे ही व्यवस्थेच्या अपराधावर घातलेली चादर आहे.

स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, हा आजार श्रीमंत-गरीब पाहून येत नाही. कानी नसलेले आवाज येतात, घरची माणसे वैरी वाटू लागतात, माणूस कामातून व माणसांतून उठतो. पण या आजारावर औषध सापडूनही सत्तर वर्षे उलटली. क्लोरप्रोमॅझिनचा वापर १९५२ साली फ्रान्समध्ये सुरू झाला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ साली अत्यावश्यक औषधांची पहिली यादी केली, तेव्हा तीत क्लोरप्रोमॅझिन व हॅलोपेरिडॉल ही दोन्ही होती. ही जुनी औषधे पेटंटमुक्त आहेत, भारतात बनतात आणि स्वस्त आहेत. काहींच्या बाबतीत तर काही आठवड्यांतून एकदा इंजेक्शन दिले तरी भागते. म्हणजे अडचण विज्ञानाची नाही, औषधाच्या किमतीचीही नाही. अडचण आहे ती ते औषध दर महिन्याला, न चुकता, गरिबाच्या हाती पडण्याची. औषध तुटले की आजार बहुधा उलटतो, आणि प्रत्येक उलटीनंतर माणूस सावरणे अधिक कठीण होते.

बीडच्या ऊसतोड मजुरांचे उदाहरण घ्यावे. मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे दिवाळीच्या सुमारास गाव सोडते आणि सहा महिने कारखान्याच्या परिसरात पालावर राहते. त्या घरात रुग्ण असेल तर त्याचा केसपेपर एका जिल्ह्यात आणि त्याचे पाल दुसऱ्या जिल्ह्यात. त्याला सोबत न्यावे तर औषध तुटते, गावी ठेवावे तर पाहायला कोणी उरत नाही. अखेर थकल्याभागल्या म्हाताऱ्या हातांना दोरीच काय ती आधार वाटते. राज्यात इंग्रजी अमदानीत यरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे मनोरुग्णालये उभी राहिली. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली जाहीर झाला. बेल्लारी जिल्ह्यातील प्रयोगाच्या आधारे १९९६ साली जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. आणि २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाला काय आढळले? देशात लाख लोकांमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पुरता पडत नव्हता, आणि तीव्र मनोविकाराच्या रुग्णांपैकी सुमारे तीनचतुर्थांश उपचारांविना होते. केंद्राच्या आरोग्य अर्थसंकल्पात मानसिक आरोग्याचा वाटा एक टक्क्याच्या आसपास रेंगाळतो. २०२२ साली ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. तिचा उपयोग आहेच, पण दूरध्वनीतून गोळी बाहेर पडत नाही.

तज्ज्ञ नाहीत, मग सरकारने काय करावे, अशी सबब पुढे केली जाते. ती टिकणारी नाही. मध्य प्रदेशातील बडवानीच्या ग्रामीण भागात गावातल्याच कार्यकर्त्यांनी रुग्णांच्या घरी जाऊन उपचार टिकवून दाखविले आहेत. तमिळनाडू, गोवा व आपल्या साताऱ्यात झालेल्या आणि २०१४ साली ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही, डॉक्टरी उपचारांना प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांची जोड मिळाली तेव्हा रुग्णांची स्थिती केवळ दवाखान्यातील उपचारांपेक्षा अधिक सुधारली. सुधारणा माफक होती, पण खरी होती. मात्र असे कार्यकर्ते म्हणजे तुटपुंज्या मानधनावर आणखी एक ओझे लादलेली आशाताई नव्हे. त्यांना नियमित वेतन आणि वेगळे प्रशिक्षण हवे.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ही मोजकी औषधे बारमाही मिळालीच पाहिजेत. स्थलांतरित मजुराचा केसपेपर राज्यातील कोणत्याही सरकारी दवाखान्यात चालला पाहिजे, आणि गाळपाच्या हंगामात कारखान्याच्या परिसरात फिरते पथक गेले पाहिजे. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी रुग्णाला जिल्ह्याच्या गावी खेटे घालायला लावणे थांबले पाहिजे. जिल्ह्यात किमान सेवा नसेल तर त्याच जिल्ह्यात अन्यत्र घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसावा, असे १८वे कलमच सांगते. हे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिले गेले पाहिजे, आणि नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला जाब विचारला गेला पाहिजे.

यासाठी नवा कायदा नको, नवा आयोगही नको. पैसा आणि माणसे हवीत, आणि ती मिळविण्यासाठी गरिबांच्या संघटनांनी हा प्रश्न रेशन व मजुरीच्या प्रश्नांइतकाच आपला मानला पाहिजे. मनोरुग्ण मोर्चा काढू शकत नाही, त्याची आई त्याला सोडून मोर्चाला येऊ शकत नाही. त्यांच्या वतीने रस्त्यावर उतरण्याची जबाबदारी ज्यांचे हात मोकळे आहेत त्यांची आहे.