अमेरिकेतली बंदी आणि आपल्याकडची पालकांची सही

18 जून 2025 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेनेसी राज्याची बंदी 6 विरुद्ध 3 मतांनी कायम ठेवली. 18 वर्षांखालील मुलांना लिंगबदलासाठी हार्मोन किंवा वयात येणं लांबवणारी औषधं तिथे देता येत नाहीत. असे कायदे तिथल्या वीसहून अधिक राज्यांत आहेत. इथेही तसाच कायदा हवा म्हणणाऱ्यांनी आधी इथला कायदा वाचावा.

समजा, अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडचं नववीतलं एक मूल आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेला जिथे महादेव आणि दर्गा दोन्हीकडे माणसं जातात, तेच हे गाव. सगळे त्याला मुलगा म्हणतात, त्याला ते पटत नाही. त्याच्यासाठी औषधं फार दूरची गोष्ट. आधी लागतं ते ओळख प्रमाणपत्र. 2014 च्या नालसा निकालाने शस्त्रक्रियेची अट नाकारली. 2019 च्या कायद्याच्या कलम 5 प्रमाणे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि तो ऑनलाइन भरता येतो, गोंदियाला खेटे घालावे लागत नाहीत. पण अल्पवयीन मुलाचा अर्ज आईवडिलांनी किंवा पालकानेच करायचा. अडतं ते इथेच. केंद्राच्या 'स्माईल' योजनेत नववीपासून शिष्यवृत्ती आहे, तीही या प्रमाणपत्रावर. म्हणजे 'असं वागू नको' म्हणून जो बाप मारतो, त्याचीच सही आणायची! घर सांभाळत नसेल तर कलम 12 प्रमाणे न्यायालय मुलाला पुनर्वसन केंद्रात पाठवू शकतं. मधली वाट कायद्यात दिसत नाही.

पालकांची संमती मुळातच चूक, असं मी म्हणत नाही. राहुलच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदनाने विनंती केली आणि आईवडिलांच्या परवानगीचा नियम विनयात आला. त्याच विनयात, एका भिक्खूच्या ठिकाणी स्त्रीलिंग प्रकट झालं तेव्हा भगवंतांनी तेच उपाध्याय, तीच उपसंपदा आणि तेवढेच वर्षावास कायम ठेवून भिक्खुणी संघात जायची अनुज्ञा दिली. (पंडकांना उपसंपदा नाकारणारा नियमही तिथेच आहे, तो लपवू नये.)

हार्मोनसारख्या उपचारासाठी पालक आणि डॉक्टर दोघेही हवेतच. पण कागदावरच्या नोंदीला तेवढीच कडक अट कशाला? पालक नकार देतील तिथे जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला अर्ज करण्याचा अधिकार मिळावा, ही मागणी आपण लावून धरायला हवी. तोवर गावात ग्राम बाल संरक्षण समिती आहे, सरपंच तिचे अध्यक्ष असतात. तिच्या पुढच्या बैठकीत हा विषय आपल्यापैकी कुणी मांडेल का?