अ‍ॅडॅप्टर पिना बदलतो, वीज नाही!

मंडळी, उन्हाळा जवळ आला की आपल्या स्कारबरोच्या ग्रुप्सवर तोच प्रश्न फिरायला लागतो. "आई-बाबा येतायत, मिक्सर मागवू का?" पाच मिनिटांत खाली दहा उत्तरं. "बिनधास्त मागव. अ‍ॅडॅप्टर लाव, झालं!"

हे जे "झालं" आहे ना, त्याच्याशी माझं भांडण आहे. थोडं लांबलचक होईल, पण बॅगा भरण्याआधी वाचा.

अ‍ॅडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. गोल पिना चपट्या करतो, चपट्या गोल करतो. आतून येणारी वीज तीच राहते. भारतात घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. इथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. हे आपण बारावीपर्यंत फिजिक्स शिकलेले लोक, अर्धे तर इंजिनिअर, आणि तरी चार डॉलरच्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर विश्वास ठेवतो.

"जास्तीत जास्त काय, मिक्सर हळू फिरेल!" असं म्हणणारे आहेत. फिरेल, हळूच फिरेल, आणि भिजलेली डाळ घातली की अडकून तापेल. भारतातली १५०० वॅटची किटली इथे जेमतेम ४०० वॅटवर चालते, कारण व्होल्टेज निम्म्यावर आलं की उष्णता पावावर येते. चहाला वेळ लागेल, घर जळणार नाही. म्हणूनच आपण निर्धास्त होतो.

पण हाच हिशोब उलटा करून बघा. इथली १२० व्होल्टची वस्तू भारतात लावली तर उष्णता होते साडेतीन पटींहून जास्त. आणि भारतात जाताना आपण काय काय नेतो? बाळाचा बॉटल-वॉर्मर, स्टेरिलायझर, ह्युमिडिफायर, केसांचं स्ट्रेटनर. म्हणजे नेमक्या तापणाऱ्या वस्तू.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. मुलगी आठ महिन्यांची असताना आम्ही सांगलीला गेलो होतो. मी इथला बॉटल-वॉर्मर नेला, अ‍ॅडॅप्टर लावून दिला आणि सासूबाईंना म्हटलं, "आई, तुम्ही फक्त बटण दाबा, काही होत नाही." आणि मी आंघोळीला गेले. त्यांनी बटण दाबलं. मिनिटभरात जळका वास, मग धूर. त्यांच्या कडेवर बाळ होतं. त्यांनी पटकन बोर्डावरचं बटण बंद केलं म्हणून निभावलं. वॉर्मरच्या बुडाला स्पष्ट छापलेलं होतं, १२० व्होल्ट. मी ते वाचलंच नव्हतं. त्या मात्र दोन दिवस म्हणत राहिल्या, "माझ्याच हातून बिघडलं गं." याचं मला आजही वाईट वाटतं. चूक माझी, अपराधी वाटलं त्यांना.

आता विचार करा, तिथे बटण तरी होतं. आपल्या इथल्या सॉकेटला बटण नसतं! प्लग आत गेला की वीज सुरू. आपले आई-बाबा भिंतीवर बटण शोधत बसतात. आपण दोघंही कामावर, घरात ते आणि रांगणारं बाळ.

दुसरी गोष्ट बाबांच्या औषधाची. अनेकांचे वडील तिकडून नेब्युलायझर घेऊन येतात. बरीच मशीन्स फक्त २३० व्होल्टची असतात. इथे अ‍ॅडॅप्टरवर लावलं की पंप नुसता घुरघुरतो, वाफ धड येत नाही, आणि औषध आत गेलंय असं समजून माणूस झोपतो. इथे ना धूर, ना वास. म्हणून हे जास्त वाईट.

तिसरी गोष्ट अर्थिंगची. आपल्या तीन पिनांच्या प्लगची वरची पिन जाड आणि लांब का असते? ती सगळ्यात आधी टेकावी म्हणून. मशीनच्या धातूच्या अंगात वीज उतरली तर ती माणसातून न जाता तारेतून जमिनीत जावी म्हणून. आणि आपण काय करतो? लहानपणापासून वरच्या भोकात पेन घालून दोन पिनांचा प्लग घुसवायची सवय. तीच सवय घेऊन इथे येतो आणि तिसरी पिन खाऊन टाकणारा अ‍ॅडॅप्टर लावतो.

स्कारबरोत हे जास्त जपायला हवं. इथले पन्नासच्या दशकातले बंगले आठवा, ज्यांच्या बेसमेंटमध्ये आपल्यातले कितीतरी जण पहिली काही वर्षं काढतात. अशा जुन्या घरांत अजूनही कुठे कुठे दोनच फटींची, अर्थ नसलेली सॉकेट्स सापडतात. तिथे अ‍ॅडॅप्टर हा उपाय नाही. घरमालकाला सांगा, लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडून 'टेस्ट' आणि 'रीसेट' बटणांचं जीएफसीआय सॉकेट बसवून घ्या. अर्थची तार नसली तरी गळती झाल्यावर ते वीज तोडतं. भाडेकरू आहोत म्हणून गप्प बसू नका.

आणि ते 'सगळ्या देशांत चालणारे' अ‍ॅडॅप्टर! कुठलीही पिन जावी म्हणून त्यांची भोकं मोठी असतात, आणि स्वस्त मालात आत झडपही नसते. इथल्या नव्या घरांत मुलांनी किल्ली-पिन घालू नये म्हणून झडपवाली सॉकेट्स असतात. त्या सॉकेटवर आपण स्वतःच्या हाताने उघडं भोक लटकवतो, तेही बाळाच्या उंचीवर.

"आम्ही दहा वर्षं असंच वापरतोय, काही झालं नाही," असं कुणीतरी खाली लिहिणारच. अहो, हेल्मेट न घालणारेही हेच सांगतात.

दुसरा मुद्दा पैशांचा, आणि तो खोटा नाही. इथल्या ब्लेंडरमध्ये इडलीचं पीठ आणि ओल्या खोबऱ्याची चटणी मनासारखी होत नाही, मान्य. पण भारतीय पद्धतीचे ११० व्होल्टचे मिक्सर इथे मिळतात. आपल्याच भागातल्या तमिळ दुकानांत चौकशी करा. तिकडचा ७५० वॅटचा मिक्सर चालवायला ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर मोटरसाठी क्षमता दुप्पट धरायला सांगतात, म्हणजे काही किलोंचा लोखंडी ठोकळा ओट्यावर. त्याची किंमत आणि विमानात मिक्सरने खाल्लेलं वजन धरा, मग सांगा काय वाचलं. आणि वेट ग्राइंडर तर आणूच नका. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही.

मग करायचं काय? फक्त एक सवय. कुठलीही वस्तू बॅगेत टाकण्याआधी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. '१००-२४०' व्होल्ट, '५०/६०' हर्ट्झ लिहिलं असेल तर साधा अ‍ॅडॅप्टर पुरे. फोन, लॅपटॉपचे चार्जर बहुतेक असेच असतात. एकच आकडा असेल, १२० किंवा २३०, तर ती वस्तू तिच्या देशातच राहू द्या. इथे विकत घेताना सीएसएचा शिक्का बघा, किंवा यूएलच्या वर्तुळाच्या डावीकडे छोटा 'सी' आहे का ते बघा. नुसतं 'सीई' इथे चालत नाही.

आणि हे वाचायचं काम आई-बाबांवर टाकू नका. ती अक्षरं त्यांना चष्मा लावूनही दिसत नाहीत. व्हिडिओ कॉलवर त्यांना प्रत्येक वस्तू उलटी करून दाखवायला सांगा आणि तुम्ही वाचा.

ते आपल्या शब्दावर बटण दाबतात. "काही होत नाही" म्हणण्याआधी तेवढं आठवा.