तीन गुणांनी हुकलेला मुलगा

१२ जून २०२३

प्रति,
मा. अधिष्ठाता,
सरकारी रुग्णालय
(कुठले, ते तुमच्या आवक नोंदवहीत पाच ठिकाणी सापडेल.)

महोदय,

हे माझे सहावे पत्र. आधीची पाच ५ डिसेंबर, ९ जानेवारी, २० फेब्रुवारी, ३ एप्रिल आणि ८ मे या तारखांना तुमच्या टपालखिडकीत हातोहात दिली. पोचेचा शिक्का पाचही वेळा सुरेख उमटला आहे, त्याबद्दल संबंधित कर्मचाऱ्याचे आभार. उत्तर एकाचेही आले नाही. म्हणून हे छापायला देतो आहे.

प्रकरण तुम्हाला ठाऊक आहे. १४ नोव्हेंबर २०२२. बालदिन होता, ओपीडीच्या दाराला फुगे बांधले होते. तारीख मिळायला सात महिने लागले होते. आम्ही पहाटेची एसटी धरून साडेसातला रांगेत उभे. मुलाला आत बोलावले एक वाजून चाळीस मिनिटांनी. तोवर त्याच्या पोटात एक वडापाव आणि अर्धा कप चहा. पाऊण तासाने तो बाहेर आला. दोन आठवड्यांनी कागद हातात पडला: बुद्ध्यांक ८३, अध्ययन अक्षमता चाचणीस अपात्र, स्लो लर्नर.

मी मुद्रितशोधक आहे. चोवीस वर्षे दुसऱ्यांच्या चुकांवर पोट भरतो, त्यामुळे शब्द खटकला की खटकतो. प्रमाणपत्राला अपात्र, हे समजू शकतो. चाचणीला अपात्र म्हणजे काय? ताप मोजायला अपात्र असा रुग्ण तुमच्याकडे कधी आला आहे का?

वाचता येत नाही म्हणून आणलेल्या मुलाला तुमच्या इमारतीत कोणी वाचायला लावलेच नाही. एक ओळ नाही, एक शब्द नाही. पाच पत्रांत माझी तक्रार एवढीच आहे, सहाव्यातही तीच.

खिडकीवर उत्तर मिळाले, ‘नियम दिल्लीचा आहे.’ खरे आहे. केंद्र सरकारची ४ जानेवारी २०१८ ची अधिसूचना मी वाचली, कामाच्या सवयीने दोनदा वाचली. आधी बालरोगतज्ज्ञाने नजर आणि कान तपासायचे, मग बुद्ध्यांक काढायचा, आणि तो ८५ च्या वर असेल तरच निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची वाचन-लेखनाची चाचणी घ्यायची. ८५ नव्हे, ८५ च्या वर. म्हणजे माझा मुलगा दोन नव्हे, तीन गुणांनी हुकला. त्या दिवशी त्याला वेळेवर जेवायला मिळाले असते तर किती गुण वाढले असते, हा प्रश्न मी विचारत नाही. कुठलीही बुद्धिमापन चाचणी तीन-चार गुण इकडेतिकडे होतेच, हे तुमच्या मानसशास्त्रज्ञांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

पण ही ८५ ची भिंत आली कुठून? हुशार असून वाचता येत नसेल तर डिस्लेक्सिया, आणि हुशार नसून वाचता येत नसेल तर ‘त्याची झेपच तेवढी’, या जुन्या समजुतीतून. ही समजूत लिंडा सीगल या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८८ मध्ये तपासून पाहिली. वाचनात अडकलेली ७ ते १६ वयाची मुले घेतली आणि बुद्ध्यांकानुसार त्यांचे चार गट केले: ८० च्या खालचे, ८० ते ९०, ९१ ते १०९, आणि ११० च्या वरचे. मग सगळ्यांना वाचायला लावले. (हो, वाचायला लावले.) अर्थ नसलेले, नुसते ध्वनी जुळवून वाचायचे बनावट शब्दही दिले, कारण तिथे पाठांतर किंवा अंदाज कामाला येत नाही. चारही गटांची गाडी सारखीच अडखळली. पुढच्याच वर्षी बाईंनी एका लेखाच्या मथळ्यातच लिहून टाकले की अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येशी बुद्ध्यांकाचा संबंध नाही. २०११ मध्ये मेंदूच्या प्रतिमांवरूनही तेच दिसले: वाचताना जिथे हालचाल व्हायला हवी तिथे या मुलांमध्ये ती कमी, मग बुद्ध्यांक कमी असो की जास्त. २०१३ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेतून बुद्ध्यांक आणि वाचन यांतल्या तफावतीची अट काढून टाकली. त्यानंतर पाच वर्षांनी आपण भिंत बांधली.

बौद्धिक अक्षमता वेगळी ओळखावी लागते, हे मान्य. पण ती ७० च्या आसपास आणि त्याखाली. ७० ते ८५ च्या मधल्यांचे काय? बुद्ध्यांकाची मांडणीच अशी आहे की शंभरातली तेरा-चौदा मुले या पट्ट्यात येतात. चाळीसच्या वर्गात पाच. त्यांना बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र नाही आणि अध्ययन अक्षमतेचेही नाही. म्हणजे दहावीला जादा वेळ नाही, लेखनिक नाही, काही नाही. त्यांच्यासाठी तुमच्याकडे फक्त ‘स्लो लर्नर’ हा शिक्का आहे. तो मात्र दोन आठवड्यांत मिळतो.

आता जे मी पाचही पत्रांत अधोरेखित केले होते, ते पुन्हा लिहितो. ऑगस्ट २०१८ मध्ये हाच मुलगा, तिसरीत असताना, वयाची आठ वर्षे पूर्ण झाल्यावर, तुमच्याच रुग्णालयात आणला होता. बुद्ध्यांकाची चाचणीही हीच, डॉ. मालिन यांनी नागपुरात १९६९ च्या सुमारास भारतीय मुलांसाठी बसवलेली. तेव्हाचा बुद्ध्यांक ९१. भिंतीच्या सहा गुण वर! पण तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी आम्हाला हसून परत पाठवले: ‘बोर्ड अजून लांब आहे, आत्तापासून कशाला शिक्का मारून घेता? सातवी-आठवीत आणा.’ आम्ही ऐकले. आम्ही डॉक्टरांचे ऐकणारी माणसे.

९१ चे ८३ झाले. मधली दोन वर्षे करोनाने खाल्ली, ती तुमच्या माथी मारत नाही. पण त्या चाचणीत काय विचारतात? शब्दांचे अर्थ, सामान्य माहिती, गणित. ही शिदोरी मुलाकडे येते वाचनातूनच. जो वाचतो त्याचे शब्द वाढतात, शब्द वाढले की तो आणखी वाचतो. जो अडखळतो तो पुस्तक मिटतो आणि दरवर्षी थोडा मागे पडतो. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्येच हे मांडले आणि बायबलवरून आलेले मॅथ्यू परिणाम हे नाव त्याला लावले, ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळते म्हणून. थोडक्यात, डिस्लेक्सियाने मुलाचा बुद्ध्यांक खाल्ला आणि मग तुम्ही त्या घटलेल्या बुद्ध्यांकाचे कारण सांगून डिस्लेक्सिया तपासायलाच नकार दिला. जुना अहवाल दाखवला तर खिडकीवर म्हणाले, ‘चार वर्षांपूर्वीचा आहे, चालत नाही.’

तो वाचतो कसा, ते तुम्ही पाहिलेले नाही, म्हणून सांगतो. ‘तर्क’चे ‘तक्र’ करतो. आठवीत. हसू येते, मलाही आले होते. पण रफाराकडे त्याच्या जागी बसून पाहा: उच्चार आधी, खूण पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. पहिल्या वेलांटीचे उलटे: डोळ्याला आधी दिसते, जिभेवर नंतर येते. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचणाऱ्यांमध्ये नेमकी ही वेलांटीची अडचण दाखवली. सोनाली नाग यांच्या २००७ च्या अभ्यासात कन्नड मुलांची अक्षरओळख चौथीपर्यंत सुरूच असलेली दिसते, कारण आपल्या लिप्यांत अक्षरे सव्वीस नसतात, शेकड्यांनी असतात. मी आयुष्यभर छापखान्यात रफार हलवत आलो, मुलाच्या डोळ्यांत तो हलतो हे मला कळायला आठ वर्षे लागली. माझे अज्ञान मी कबूल करतो. तुम्ही तर तज्ज्ञ.

सीगलबाईंचे वाचून मी घरी वीस बनावट मराठी शब्द तयार केले. मुलाने चार वाचले. तिसरीतल्या माझ्या भाचीने सतरा. खर्च शून्य रुपये, वेळ नऊ मिनिटे. तुमच्याकडे आमचे ११ खेटे झाले, एसटीने २,०६८ किलोमीटर, माझे ११ खाडे, मुलाच्या शाळेचे ११ दिवस, आणि ही नऊ मिनिटे कोणाला सापडली नाहीत.

दिल्लीचा नियम तुम्ही बदलू शकत नाही. पण मुलाला वाचायला लावू नये असे त्या अधिसूचनेत कुठेही लिहिलेले नाही. निम्हान्सची चाचणी घ्या, जे दिसेल ते कागदावर लिहा, खाली सही करा. प्रमाणपत्र देता येत नसेल तर ‘८३ असल्यामुळे देता येत नाही’ असेही लिहा. मग तो कागद घेऊन दिल्लीशी भांडायचे की नाही, ते आमचे आम्ही पाहू. आत्ता माझ्याकडे भांडायला कागदही नाही, पाच पोचा आहेत.

येत्या सोमवारी नाही, त्यापुढच्या सोमवारी, २६ जूनला, आम्ही साडेसातला खिडकीपाशी असू. यावेळी डबा घेऊन येतो. मुलाच्या दप्तरात चौथीचे ‘बालभारती’ही असेल. कोणाला नऊ मिनिटे असतील तर कुठलेही पान उघडा.

आपला,
एक मुद्रितशोधक
(पूर्ण नाव व पत्ता तुमच्या आवक नोंदवहीत)