मुक्या रोग्याचा वैद्य

दहावीच्या वर्गाला दरवर्षी मी एक प्रश्न विचारतो : पुढे कोण होणार? उत्तरे बहुधा ठरलेली असतात. काही वर्षांपूर्वी मात्र एक मुलगी उभी राहून म्हणाली, "कुत्र्यामांजरांची डॉक्टर." मागच्या बाकावरून कोणीतरी "सुण्यांचो दोतोर!" असे ओरडले आणि सारा वर्ग हसला. लिहावयास संकोच वाटतो, परंतु त्या हास्यात मीही सामील होतो. वर शहाणपणाचा आव आणून मी तिला सांगितले, "आधी माणसांच्या डॉक्टरकीसाठी खटपट कर; ते न साधले तर हे आहेच." ती निमूटपणे खाली बसली. पुढे तिने वाणिज्य शाखा घेतली. माझ्या वाक्यामुळेच तसे घडले असे मी म्हणत नाही. पण ते वाक्य अज्ञानाचे होते, आणि आपल्या बहुतेक घरांत आजही तेच बोलले जाते, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे अज्ञान उघडे पडले ते गेल्या पावसाळ्यात. आमच्या घरच्या मांजराला ताप असावा असे वाटून मी त्याला पॅरासिटामॉलची अर्धी गोळी चारली. लहान मुलाला जे चालते ते या एवढ्याशा जिवाला अर्ध्या मात्रेत का चालू नये, असा माझा सरळ हिशेब. संध्याकाळपर्यंत त्याचे तोंड सुजले, हिरड्या तपकिरी पडल्या आणि त्याला धाप लागली. तालुक्याच्या गावी एका तरुण पशुवैद्य बाईंकडे नेले. त्यांनी मांजराकडे एकवार पाहिले आणि मला विचारले, "काय दिलंत?" हे औषध निरुपद्रवी करून टाकण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फारच थोडी असते, त्याचे रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते. त्यांनी उतारा दिला, प्राणवायू लावला. पण उशीर झाला होता. मांजर म्हणजे लहान आकाराचा माणूस नव्हे, आणि लहान आकाराचा कुत्राही नव्हे, हे मला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी कळले.

ते नीट कळण्यासाठी किती शिकावे लागते ते पाहा. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हवे. देशपातळीवरील जागांसाठी, आणि महाराष्ट्रातील महाविद्यालयांसाठीही, वैद्यकाचीच 'नीट' परीक्षा द्यावी लागते. नंतर साडेपाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असून त्यातील शेवटचे वर्ष आंतरवासितेचे. एम. बी. बी. एस. लाही तेवढीच वर्षे लागतात, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. शिवाय तेथे एकाच देहाचा अभ्यास. येथे गाय, म्हैस, घोडा, शेळी, डुक्कर, कोंबडी, कुत्रा असे कितीतरी देह. ज्याला केवळ कुत्रीमांजरे आवडतात त्याला एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. या शिक्षणाचा मोठा भाग गोठ्यात जातो, आणि गाभण गाय तपासताना हात जवळजवळ खांद्यापर्यंत आत घालावा लागतो. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 साली निघाले, तेव्हा मुंबईची गाडी बैल आणि घोडे ओढत होते. शास्त्र त्यांच्यासाठी उभे राहिले. घरातल्या मांजराकडे ते फार उशिरा वळले. म्हणूनच कुत्र्यामांजरांच्या शस्त्रक्रियेत किंवा औषधोपचारात ज्याला पारंगत व्हायचे, तो पुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेतो, नाहीतर एखाद्या जुन्या पशुवैद्याच्या हाताखाली उमेदवारी करतो. पशुवैद्यक परिषदेकडील नोंदणी तर 1984 च्या कायद्याने आवश्यकच आहे.

हा श्रीमंतांच्या चोचल्यांचा धंदा आहे, असा एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. गोमंतकाने तरी तो घेऊ नये. 2013 ते 2019 या काळात येथे गावोगाव, जाळी घेऊन, रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही लस टोचली गेली; कुत्र्यांमधील रेबीजचे प्रमाण 92 टक्क्यांनी उतरले आणि 2018 व 2019 या दोन वर्षांत त्या रोगाने येथे एकही माणूस दगावला नाही. कुत्र्याच्या दंडात खुपसलेली ती सुई शाळेच्या वाटेवरील तुमच्या मुलासाठी होती.

मी कलाशाखेचा पदवीधर; शास्त्रावर अधिकारवाणीने बोलणे मला शोभत नाही. परंतु या व्यवसायाची एक बाजू माझ्याही प्रांतात येते. रोगी मुका असतो, म्हणून धन्याचे बोलणे हीच निम्मी तपासणी. 'दोन दिवस जेवत नाही' म्हणजे अन्नाला तोंडच लावत नाही, की तोंड लावून सोडतो? पाणी पितो का? अंगणात उंदरांचे विष ठेवले होते का? घाबरलेला, ओशाळलेला किंवा सरळ खोटे बोलणारा माणूस समोर असतो, आणि त्याला न दुखावता खरे काढून घ्यावे लागते. मी स्वतः त्या संध्याकाळी "काही नाही, थोडंसं औषध" असेच प्रथम म्हणालो होतो. त्यात जो वेळ गेला तो मला अजून सलतो. माणसांची भाषा ज्याला कंटाळवाणी वाटते, म्हणून जो जनावरांकडे वळू पाहतो, त्याने या वाटेला जाऊ नये.

आणखी एक भार आहे, त्याची चर्चा आपण मुलांपुढे करीत नाही. उपचार उपलब्ध असतो, पण धन्यापाशी पैसे नसतात. कधी उपायच उरत नाही, आणि ज्या हातांनी वाचवायचे त्याच हातांनी शेवटचे इंजेक्शन द्यावे लागते. माणसांच्या डॉक्टरावर आपल्याकडे हा प्रसंग येत नाही. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला यासाठी कोण तयार करते, हा प्रश्न महाविद्यालयांनीही स्वतःला विचारावा.

यंदा पुन्हा एका मुलाने तेच उत्तर दिले. या वेळी मी उपदेश केला नाही. त्या बाईंची परवानगी घेऊन त्याला एका शनिवारी दिवसभर त्यांच्या दवाखान्यात बसविले. सोमवारी तो थोडा हिरमुसलेला दिसला. "सर," तो म्हणाला, "कुत्री सातच आली. बाकीचा वेळ त्या लोकांना प्रश्नच विचारत होत्या." मग थोडे थांबून म्हणाला, "पुढच्या शनिवारी जाऊ का?"