दुसऱ्याच्या जगण्याचा निवाडा

१९१५ च्या नोव्हेंबरमध्ये शिकागोतील एका शल्यचिकित्सकाने गंभीर व्यंगांसह जन्मलेल्या अर्भकावर शस्त्रक्रिया करण्याचे नाकारले आणि ते दगावले. त्याच्या समर्थनार्थ पुढे आलेल्यांत हेलन केलर होत्या. अशा अर्भकांचे भवितव्य डॉक्टरांच्या पंचमंडळाने ठरवावे, असे त्यांनी लिहिले.

बालपणीच दृष्टी व श्रवणशक्ती गमावलेल्या केलर १९०४ मध्ये पदवीधर झाल्या, १९०९ मध्ये अमेरिकेच्या समाजवादी पक्षात दाखल झाल्या. अंधत्वाची मुळे दारिद्र्यात आणि कारखान्यांतील बेपर्वाईत आहेत, हे त्यांनीच ठणकावून सांगितले. परंतु बुद्धीची वाढ होणार नाही असे ज्याच्याविषयी सांगितले गेले, त्या जीवाचा प्रश्न येताच त्यांनीही उपयुक्ततेची मापपट्टी हाती घेतली.

ते पंचमंडळ पुढे अर्थशास्त्राच्या रूपाने अवतरले. जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालाने रोगभार मोजण्याचे नवे एकक रूढ केले. एक हजार निरोगी माणसांचे आयुष्य वर्षभर वाढविणे हे किती अंधांचे आयुष्य तेवढेच वाढविण्याबरोबर मानाल, असा प्रश्न आरोग्यक्षेत्रातील तज्ज्ञांना त्यानंतर विचारण्यात आला. शून्य ते एक या पट्टीवर अंधत्वाचा भार ०.६ च्या आसपास ठरला. २०१० सालासाठीच्या फेरआकारणीत तो ०.२ च्याही खाली आला. दरम्यान अंधांचे जगणे पालटले नव्हते. प्रश्न आणि उत्तर देणारी माणसे तेवढी बदलली होती.

मग ज्याचे जगणे त्यालाच विचारावे, हे ओघाने आले. मात्र तेवढ्याने भागत नाही. दीर्घकाळ वंचित राहिलेला माणूस आपल्या अपेक्षाच आखडून घेतो, हे अमर्त्य सेन यांनी दाखविले आहे. तेव्हा ‘ते समाधानी आहेत’ असे सांगून शासनाने हात झटकणे हीही लबाडीच होय. ज्यांना बोलताच येत नाही, त्यांच्याबाबत निर्णय कठीण आहेत; तेथे त्या जीवाच्या वेदनेचा विचार व्हावा, समाजाला पडणाऱ्या खर्चाचा नव्हे.

आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली, सार्वजनिक इमारती व वाहने सर्वांना वापरता येतील अशी करण्याचे बंधन घातले. तरीही कचेरीच्या पायऱ्यांशी चाकाची खुर्ची अडते आणि दोष पायांना दिला जातो. पायऱ्या बांधणाऱ्या समाजाने, वर न पोहोचणाऱ्याचे जगणे व्यर्थ ठरवावे, हा न्याय नव्हे. कार्यकर्त्यांनी आधी त्या पायऱ्यांचा हिशेब मागावा.