वाचायला सवड कुणाला?



पालकसभा असो की लग्नातली पंगत, एक वाक्य हमखास कानावर येतं : "हल्लीची मुलं वाचतच नाहीत." बोलणारे बहुधा पन्नाशीपुढचे, आणि बहुधा पुरुष. लहानपणी 'चांदोबा' आणि 'किशोर'ची वाट कशी पाहायचो, सुटीत दुपारभर माडीवर पडून कादंबऱ्या कशा संपवायचो, ते रंगून सांगतात. त्या आठवणी मला खोट्या वाटत नाहीत. पण त्या दुपारी तुमच्या बहिणी काय करत होत्या, असं विचारलं की पंगत जरा गप्प होते. बहिणी पापड लाटत होत्या, धाकट्याला झोपवत होत्या.

म्हणून पूर्वीपेक्षा वाचन कमी झालं की वाढलं, या प्रश्नाआधी 'पूर्वी कोण वाचत होतं?' हे विचारायला हवं. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर स्त्रियांमागे नऊजणीही साक्षर नव्हत्या. २०११ मध्ये हा आकडा पासष्टच्या आसपास गेला. ज्यांच्या आज्यांना अक्षरओळखच नव्हती, त्या मुलींचं वाचन 'कमी झालं' असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

भिवंडीतल्या आमच्या किशोरी गटांत गेले काही महिने आम्ही हा विषय बोलतो आहोत. बाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते : हे यंत्रमागाचं गाव. उत्तर प्रदेशातून आलेले विणकर, तेलंगणातले पद्मशाली, कोकणी मुसलमान, आगरी, मराठी, असे सगळे इथे एकमेकांना लागून राहतात. मुलं मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा वेगवेगळ्या माध्यमांतून शिकत आली आहेत. शांतीनगरच्या गल्लीत शिरलात तर मागांच्या खडखडाटात शेजारणीचं बोलणंही ऐकू येत नाही. वाचणार कसं, असं आपल्याला वाटतं. मुली मात्र म्हणतात, आवाजाची सवय असते बाजी, हाकांची होत नाही.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते एका साध्या प्रश्नाच्या उत्तरांनी. "काल काय काय वाचलंस?" असं विचारलं, तर पहिल्यांदा सगळ्याजणी "काहीच नाही" म्हणाल्या. मग हळूहळू निघालं. विजेचं बिल. सरकारी दवाखान्यातला आजीचा कागद. बँकेचा मेसेज. भावाच्या शाळेची नोटीस. अब्बांच्या मजुरीचा हिशेब. म्हणजे कित्येक घरांतली वाचणारी तीच आहे. आईला वाचता येत नाही, बापाला वेळ नाही, भावाला कंटाळा. ती सगळ्यांसाठी वाचते. फक्त स्वतःसाठी वाचायला बसली की "कामधंदा नाही का?" असं ऐकावं लागतं.

हे ऐकणं जुनंच आहे. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या रमाबाई रानड्यांना नवरा शिकवत होता आणि घरातल्या बायका त्यापायी छळत होत्या. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'त ते त्यांनीच लिहून ठेवलं आहे. घरातल्या बायकांचा मला राग येत नाही. एकीने पुस्तक उघडलं की तिच्या हातातलं काम दुसरीच्या अंगावर पडतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते, घरकाम करणाऱ्या पुरुषांचे ९७. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच थोडे, ते वेगळं. भिवंडीत त्यावर घरी बसून कांड्या भरणं, कपड्यांचे धागे कापणं येतं. शुक्रवारी माग बंद, म्हणून गल्लीत शांतता असते. पण त्या दिवशी पुरुष घरी, पाहुण्यांची ये-जा, स्वयंपाक दुप्पट.

आता फोनबद्दल. शिक्षक म्हणतात, फोनने वाचन मारलं. आमच्या गटातल्या मुली फोनवर गोष्टी वाचतात, क्रमशः, भाग-भाग करून. कित्येक जणी उर्दू-हिंदी इंग्रजी अक्षरांत वाचतात. गोष्टी बऱ्याचदा श्रीमंत नवऱ्याच्या आणि सोशिक बायकोच्या असतात. मला त्या आवडत नाहीत. तरी ते वाचनच आहे, आणि मी ते मोजते. माझी तक्रार वेगळी आहे. फोन तिचा नसतो. २०२३ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी जवळजवळ ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींपैकी जेमतेम २० टक्क्यांकडे. पाहणी खेड्यांतली असली तरी आमच्या वस्त्यांत चित्र फारसं वेगळं दिसत नाही. पुस्तक पिठाच्या डब्यामागे लपवता यायचं. फोनवर काय वाचलं ते भाऊ रात्री बघतो. पाळी, शरीर, आवडनिवड, लग्नाला नकार कसा द्यायचा, अशा ज्या गोष्टी मोठ्याने विचारता येत नाहीत, त्या वाचायलाच तिला एकांत हवा असतो.

सगळं छान चाललंय असंही मी म्हणणार नाही. त्याच पाहणीत या वयाच्या जवळपास पाव मुलामुलींना दुसरीच्या इयत्तेचा उतारा आपल्या भाषेत सलग वाचता आला नव्हता. आमच्याकडेही नववीतल्या काहीजणी ओळीखाली बोट धरून वाचतात आणि पानभरात थकतात. शाळेने पास केलं, वाचायला शिकवलं नाही. आणि वेळ फार थोडा असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. त्यातल्या कितीजणींची पुस्तकं माहेरी फळीवरच राहिली असतील!

१८५५ साली फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांग समाजातली किशोरवयीन मुलगी 'ज्ञानोदया'त निबंध लिहून धर्मालाच प्रश्न विचारते. शाळेत जाऊन तिला तीनच वर्षं झाली होती. मुलींच्या वाचनाला घरं का घाबरतात, ते यावरून कळतं.

तर करायचं काय? 'वाचनसंस्कृती'वरची भाषणं पुरेत. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्याखाली संस्थांच्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं. अनुदान लोकांच्या पैशातून येतं, तेव्हा मागायचा हक्क आपला. बरीच वाचनालयं सकाळ-संध्याकाळ उघडी असतात. आमच्या मुलींना सवड मिळते ती दुपारी दोन ते चार, आणि संध्याकाळी बाहेर पडायची परवानगी नसते. एका ठिकाणी मुलींना सभासद व्हायला वडिलांची सही मागितली, अनामत वेगळीच. दुपारी दोन तास दार उघडं ठेवा, मुलीच्या स्वतःच्या नावाने कार्ड द्या, उर्दू-तेलुगूचंही कपाट ठेवा : एवढ्या तीन मागण्या घेऊन आम्ही भिवंडीत फिरतो आहोत. आपल्या मंडळांच्या कपाटांकडेही बघा. अहवाल आणि पोस्टरं भरपूर, चौदा वर्षांच्या मुलीने घरी न्यावं असं पुस्तक सापडतं का?

तुमच्या गावातलं वाचनालय कोणत्या वेळेला उघडं असतं आणि तिथे किती मुली बसलेल्या असतात, हे एकदा जाऊन, मोजून आम्हाला कळवा. पुढच्या अंकात ते गावांच्या नावांसकट छापू.