दांड्या लोखंडाच्या अन् बदनाम आपली विहीर



दिवाळीच्या सुमारास आमच्या बोरीत पाणी शुद्ध करायची मशीन विकणारा एक पोरगा आला होता. ओट्यावर बसला, चहा घेतला अन् आमच्या विहिरीचं पाणी ग्लासभर मागितलं. दुसऱ्या ग्लासात त्याच्या मशीनचं पाणी. दोन्हीत दांड्यांचं एक यंत्र बुडवलं, बटण दाबलं. दोन-तीन मिनिटांत आमचं पाणी पिवळं, मग तांबडं, मग गाळासारखं झालं. त्याचं जसंच्या तसं. म्हणला, "काका, हे लोह अन् ही घाण रोज पोटात जायलीय तुमच्या."

सूनबाईचा चेहरा उतरला. घरात चार महिन्याचा नातू, त्याला वरचं दूध चालू.

मी चिमूटभर मीठ आणलं, त्याच्या ग्लासात टाकलं अन् म्हणलं, आता दाब बटण. त्याचंही पाणी तांबडं झालं. पोरगा सामान आवरून निघाला.

यात जादू काही नाही. दांड्या लोखंडाच्या असतात. ज्या पाण्यात क्षार आहेत त्यातून करंट जातो, दांडीचं लोखंड विरघळतं अन् तेच तांबडं दिसतं. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून करंट जात नाही. पाण्यातलं लोह या खेळानं कळत नाही.

लोह पाहायचं असेल तर पांढऱ्या बकेटीत ताजं पाणी घ्या. काढतानाच तांबडं आलं तर बहुतेक पाइप किंवा केसिंगचा गंज. काढताना निवळ अन् काही तासांनी तांबूस झालं तर पाण्यात विरघळलेलं लोह. त्याला महागडी मशीन लागतेच असं नाही. पाणी उंचावरून शॉवरसारखं पाडा, हवा लागू द्या, तळाला गाळ बसू द्या अन् वरचं पाणी धुतलेल्या वाळूतून गाळा. बरंचसं लोह वाळूत अडकतं.

आता आपलं पाणी जड आहे हे मी नाकारत नाही. आपल्या काळ्या पाषाणातून झिरपताना पाणी कॅल्शियम अन् मॅग्नेशियम घेऊन येतं. साबणाला फेस येत नाही, हिटरवर पांढरा थर चढतो, तुरीची दाळ शिजता शिजत नाही. पाणी उकळून गार केलं की काही क्षार तळाला बसतात, ते पाणी वरच्यावर ओतून घ्या. सगळे क्षार मात्र उकळून जात नाहीत. तुरटीनं गढूळपणा बसतो, जडपणा जात नाही. हंड्याचा थर काढायला लिंबूसत्व पुरे.

जडपणा हा त्रास आहे, विष नव्हे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, अन् दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो. जागतिक आरोग्य संघटनेनंही आरोग्याच्या कारणावरून जडपणाला मर्यादा घातलेली नाही.

पोरगा गेला, पण मनात किडा वळवळायला लागला. पाणी तपासून घेतलं. लोह नावालाच निघालं. जडपणा ४८० निघाला. पण नायट्रेट ४५ च्या मर्यादेवर! हे दिसत नाही, चव नाही, वास नाही. उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. अन् सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला, त्यातही वरच्या दुधावरच्या, त्याचा खरा धोका. रक्त प्राणवायू नीट वाहून नेत नाही, लेकरू निळं पडतं.

हे नायट्रेट आलं कुठून? विहिरीपासून पंधरा पावलांवर आमचाच उकिरडा होता. वरच्या अंगाच्या वावरात युरियाच्या गोण्या मोकळ्या करणारा मीच. त्या पोरानं पाण्याला खोटं बदनाम केलं, पण माझी चूक खरी निघाली. उकिरडा लांब उताराला नेला, युरिया हप्त्याहप्त्यानं देतोय. नातवाच्या दुधाला विहिरीचं पाणी त्याच दिवशी बंद केलं, तपासलेलं दुसरं पाणी लावलं. नायट्रेट आरओनं कमी होतं, म्हणून मशीन वाईट असं मी म्हणत नाही. पण ती पिण्यापुरती घ्या. एक लिटरमागं दोन-तीन लिटर बाहेर टाकते, ते पाणी भांडी-फरशीला वापरा.

मिठावर चालणारं सॉफ्टनर घेणाऱ्यांना एक सांगतो. ते कॅल्शियम काढून सोडियम देतं. त्याचं सांडपाणी परसबागेत सोडू नका. आपली काळी रान चुनखडी सहन करतील, सोडियमनं चोपण होतील. शेतीचे अभ्यासक वाचत असतील तर यावर खाली जरूर लिहा.

सगळ्यात हलकं पाणी तर आभाळातून फुकट येतं. ३०० चौरस फूट पत्रा म्हणजे २८ चौरस मीटर. पावसाळ्यात ८०० मिलिमीटर पडला अन् पाचवा हिस्सा वाया गेला तरी १८,००० लिटर होतं. ५,००० लिटरची झाकलेली टाकी भरली तर रोज ३० लिटरनं साडेपाच महिने स्वयंपाक-पिणं भागतं. पत्रा झाडून घ्या, पहिला पाऊस सोडून द्या, पिताना उकळा. या पाण्यात दाळ कशी शिजते ते एकदा बघा.

माझं म्हणणं एवढंच, आधी तपासणी, मग मशीन. जलजीवन मिशनखाली गावोगावी पाच-पाच बायांना तपासणी किटचं शिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. ग्रामपंचायतीत जाऊन किट कुठं आहे ते विचारा. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतही बाटली देता येते. माती परीक्षण केल्याबिगर खत टाकू नका म्हणून आपण एकमेकांना सांगतो. मग लेकराच्या पोटात जाणाऱ्या पाण्याचं परीक्षण नको का?

तुमच्या विहिरीचा रिपोर्ट काय आला ते कळवा. अन् तुमचा उकिरडा विहिरीपासून किती पावलांवर आहे, तेही आज मोजून बघा.